बासष्ट नंबरचा चाकू

आमचे हे मांस खात नाहीत म्हटलं की लोक आधी देवाधर्माचं विचारतात, मग डॉक्टरचं. देवाशी यांचं कधी फारसं जमलं नाही, आणि तब्येत म्हणाल तर साठी उलटली तरी दात सगळे जागच्या जागी. मग एखादी शहाणी मान वाकडी करून म्हणते, "जनावरांची दया येत असेल हो." अहो, ज्या माणसानं तेहतीस वर्षं कत्तलखान्यात बसून चाकूंना धार लावली, त्याला दया यायचीच असती तर पहिल्याच आठवड्यात आली नसती का? नाही. यांचं कारण राजकीय. शब्द त्यांचा, माझा नव्हे. माझ्या डाव्या हाताला जे झालं ते कुणामुळे झालं, माझ्यामुळे, चाकूमुळे की कंपनीनं पळवलेल्या साखळीमुळे, एवढाच तो वाद होता. त्या वादापायी आमच्या घरात अठरा वर्षं दोघांसाठी दोन वेगळी भांडी चुलीवर चढली.

कारखाना आमच्या वस्तीपासून चालत वीस मिनिटांवर. आत लांबच लांब थंडगार शेड. छताला साखळी, साखळीला हुक, हुकाला जनावराचं सोललेलं धूड. साखळी सरकत राहते, आपण जागचं हलायचं नाही. समोर आलेल्या धुडाचा आपल्या वाटणीचा भाग कापायचा, की ते पुढच्याकडे जातं. माझी जागा अकरावी. खांद्याचा सांधा सोडवायचा. ते काही लाकडं फोडणं नव्हे. टोक बरोबर जागी शिरलं की खांदा आपसूक हातात येतो, नाही शिरलं तर बसा झटापट करत. मी त्यात तरबेज होते. स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण सांगायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

प्रत्येकाला तीन चाकू. मुठीवर नंबर ठोकलेला. माझा बासष्ट. दर दीड तासानं वापरलेला चाकू ट्रेमध्ये टाकायचा, ट्रे धारखोलीत जायचा आणि धार लावलेले चाकू परत यायचे. धारखोली म्हणजे जिन्याखालची कोंदट खोली. त्यात दोन चाकं, पाण्याचा टब, आणि भिंतीतल्या खिळ्याला वर्तमानपत्राच्या पट्ट्या टांगलेल्या. धार लावून झाली की हे एक पट्टी हवेत धरायचे आणि चाकू तिला नुसता टेकवायचे. पट्टी आवाज न करता दुभंगली तर चाकू पास. जरा जरी फाटली तरी पुन्हा चाकावर.

मी नवीन लागले तेव्हा वीस वर्षांची होते. माझे चाकू बाकीच्या बायकांच्या चाकूंपेक्षा नेहमी जास्त चालायचे. मला वाटायचं, हातगुण आपला. सहा महिन्यांनी कळलं की बासष्ट नंबर दिसला की धारखोलीतला तो मुखदुर्बळ माणूस दोन हात जास्त मारतो. दुसऱ्यांचे नवरे लग्नाआधी फुलं देतात, आमच्या नशिबी हे. मी म्हटलं, चालेल, आणि लग्न केलं. मुलगी झाली, भाड्याची दोन खोल्यांची जागा झाली, बरं चाललं होतं.

मग नवीन मॅनेजर आला. आधी साखळीवरून तासाला नव्वद धुडं जायची, यानं एकशे तीस केली. म्हणजे एका खांद्याला मला चाळीस सेकंद मिळायची ती अठ्ठावीस झाली. अठ्ठावीस सेकंदांत नाक पुसायला गेलं तरी एक धूड निसटतं, आणि निसटलं की सुपरवायझर बोंबलायला हजर. बाजारात मांस स्वस्त झालं. शेजारपाजारचे लोक खूश. मीही खूश झाले होते, खोटं कशाला बोलू.

तो मंगळवार होता. मनगटापर्यंत लोखंडी जाळीचा हातमोजा असतो, चाकू त्याच्या वर, उघड्या हातावर बसला. मला दुखलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे. खरा धारदार चाकू लागला तर आधी दुखतच नाही. मी पुढचा खांदाही अर्धा सोडवला. मग हातमोज्यावर रक्त दिसलं. वाटलं, जनावराचं. पण त्या शेडमध्ये जनावराचं रक्त गार असतं आणि हे गरम लागत होतं. तेवढं समजलं आणि मी खाली बसले.

दवाखान्यात शिवणारे डॉक्टर म्हणाले, "बाई, जखम एवढी सरळ आहे की शिवायला अडचण आली नाही." पण आतल्या शिरा तुटल्या त्या तुटल्याच. डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकत नाहीत. मी मात्र डॉक्टरचं ते वाक्य वर्षानुवर्षं मिरवलं. कुणी हात बघितला की म्हणायची, "नवऱ्याच्या धारेनं कापलं म्हणून नीट शिवलं तरी गेलं, दुसऱ्या कुणाची धार असती तर हात गेला असता." असं म्हटलं की हे पानावरून उठायचे. मला वाटायचं, बिचारे लाजतात.

शुक्रवारी ऑफिसात चौकशी झाली. मी अजून दवाखान्यात होते. संध्याकाळी हे आले आणि खाटेच्या कडेला बसले. "मिटलं," म्हणाले. "इथला खर्च कंपनी देणार. हात बरा झाला की तुला पॅकिंगला बसायचं काम देणार."

"आणि चौकशीत काय निघालं?"

"काही नाही. तू पडून राहा बघू."

मला वाटलं, घाबरली कंपनी. साडेतीनशे माणसं गेटवर बसली तर काय होईल, हे मॅनेजरला कळलं असणार.

दुसऱ्या रविवारी युनियनची सभा होती, सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. मला हात गळ्यात बांधून पहिल्या रांगेत बसवलं होतं, नमुना म्हणून. यांचा जिगरी दोस्त तिथं होता. त्याला आता सगळे आठबोट्या म्हणतात, तेव्हा त्याची दहाही शाबूत होती. तो टेबलावर मूठ आपटून ओरडला, "उद्याच्या उद्या कामगार कचेरीत जायचं! साखळीच्या वेगाची लेखी तक्रार द्यायची! ही बाई पुरावा आहे!" लोकांनी हॉल डोक्यावर घेतला.

आणि मग आमचे हे उठले. सभेत कधी तोंड न उघडणारा माणूस. म्हणाले, "तक्रारी फायलीत कुजतात. कचेरी त्यांची, फाइल त्यांची. त्यांना खरं दुखतं ते खप घटला की. हे मांस स्वस्त झालंय ते आपल्या हातांवर. ते आपणच विकत घेतो, शनिवारी फुकट मिळालेलं घरी नेतो, आणि वर मिटक्या मारतो. मी आजपासून सोडलं. साखळी पुन्हा नव्वदवर येईपर्यंत मी मांस तोंडात घालणार नाही. ज्यांना जमेल त्यांनी हात वर करा." सगळ्यांनी केले. मीही उजवा केला. मला रडू आलं होतं, यांचा एवढा अभिमान मला लग्नातसुद्धा वाटला नव्हता. कचेरीचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

कंपनी दर शनिवारी प्रत्येक कामगाराला पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं दोन किलोचं पुडकं द्यायची. पहिल्या शनिवारी साडेतीनशे पुडकी टेबलावर तशीच राहिली. मॅनेजर खिडकीतून बघत होता. काय तो दिवस होता! पण नव्याचे नऊ दिवस. सातव्या आठवड्यात एकाच्या पोराचा वाढदिवस आला, मग कुणाची सासू आली, मग कुणाला अशक्तपणा आला. आठबोट्या म्हणाला, "पुडकं फुकटचं आहे रे, विकत घेत नाही ना, मग झालं." वर्षभरात फक्त दोघं उरलो. हे आणि मी.

आणि मग मीही सोडलं. लपवत नाही. चौदाव्या महिन्यात. मुलगी नऊ वर्षांची, शेजारच्या घरातून वास आला की दारात जाऊन उभी राहायची. एका शनिवारी मी माझं पुडकं पर्समध्ये घातलं आणि घरी येऊन शिजवलं. जिच्या हातासाठी पण केला तिनंच तो मोडला. हे आले, हात धुतले, पान बघितलं आणि बटाट्याची भाजी पुढे ओढून जेवायला लागले. मी म्हटलं, "बोला काहीतरी." म्हणाले, "पोरीला भरपूर वाढ." शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

तेव्हापासून दोन भांडी. त्यांची डाळ, कोबी, बटाटे. आमचं आमचं. कारखान्यात त्यांना गाजर म्हणायला लागले. "ए गाजरा, आज काय, पाला?" हे हसायचे. दर शनिवारी सुटल्यावर अर्धा तास गेटबाहेर पुठ्ठ्याची पाटी धरून उभे राहायचे. पाटीवर त्यांच्या ठोकळेबाज अक्षरात लिहिलेलं असायचं: मांस स्वस्त आहे, कारण बोटं स्वस्त आहेत. पावसाळ्यात पाटीला प्लॅस्टिक चढवायचे. लोक बाजूनं पुडकी घेऊन जायचे आणि कुणी कुणी तेवढ्यापुरतं पुडकं मागे लपवायचं.

एकदा कॉलेजची पाच-सहा पोरं आली, त्यांच्याही पाट्या होत्या, वासरांच्या डोळ्यांचे फोटो असलेल्या. त्यांना वाटलं, आपलाच माणूस. एका मुलीनं यांच्याशी हात मिळवला आणि विचारलं, "काका, तुम्ही आत काय काम करता?" हे म्हणाले, "चाकूंना धार लावतो." पोरगीनं हात असा मागे घेतला की विचारू नका. "म्हणजे तुम्हाला प्राण्यांचं काहीच नाही?" हे म्हणाले, "आहे ना. धार चांगली असली की त्यांचंही कमी दुखतं. पण मी उभा आहे तो कापणाऱ्यासाठी." पोरं दहा पावलं लांब जाऊन उभी राहिली. घरी येऊन मला सांगताना हे स्वतःच हसले. त्यांना एवढं हसताना मी पुन्हा फारसं पाहिलं नाही.

मुलगी मोठी झाली, वाद घालायला शिकली. एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, तुम्ही एकट्यानं न खाल्ल्यानं साखळी हळू होणार आहे का?"

"नाही."

"मग कशाला?"

"कुणीतरी लक्षात ठेवायला हवं."

मी म्हटलं, "लक्षात ठेवायला माझा हात आहे की घरात. दिवसातून चार वेळा कप पाडते." हे उठून गेले. खाई त्याला खवखवे म्हणतात. आमच्याकडे न खाणाऱ्यालाच खवखवत होतं, आणि मला ते कळत नव्हतं.

माझ्यानंतर चार वर्षांनी आठबोट्याची दोन बोटं गेली. साखळी तोवर एकशे चाळीसवर नेली होती. कंपनीनं त्याला छदाम दिला नाही. कळवलं एवढंच, की हा चाकूचा दोष दिसतो, धारखोलीबद्दल जुनी नोंद आहे. कसली नोंद, कुणाची, ते दाखवलं नाही. आठबोट्या दवाखान्यातून ओरडला, "गाजराच्या धारेला नावं ठेवतात, यांच्या तोंडात किडे पडोत!" एवढा विश्वास. हे आठ दिवस त्याला भेटायला गेले नाहीत. मग रोज जायला लागले, तीन महिने, रोज. त्याला फळं सोलून, फोडी करून द्यायचे. एवढं करणारा मित्र कुणाला मिळतो, असं मी वस्तीभर सांगत सुटले होते.

त्यानंतर आणखी बारा जण. प्रत्येक वेळी तेच उत्तर, चाकूचा दोष, जुनी नोंद.

मागच्या वर्षी कंपनीनं कारखाना बंद केला, दुसरीकडे कुठं मजूर स्वस्त मिळाले म्हणे. साखळी थांबली. तेव्हा आठबोट्यानं आम्हा चौदाही जणांना गोळा केलं. आता नोकरी जायची भीती नाही, कामगार कचेरीत दावा लावू, म्हणाला. दाखल्यावर सही पाहिजे होती धार लावणाऱ्याची, की चाकू नेहमी नीट असायचे. हे टाळायला लागले. "जाऊ दे गं. जुनं कशाला उकरून काढायचं?"

मी तडकले. "एकोणीस वर्षं पाला खाल्लात ते कुणासाठी? गेटवर पाटी धरलीत ती कुणासाठी? आता एक सही करायची वेळ आली तर मागे सरताय!" त्यांनी सही केली. मी तो कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

कचेरीत दुसऱ्या मजल्यावर सुनावणी. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खडखडणारा पंखा, अधिकारी म्हणून एक मध्यमवयीन बाई, चष्मा नाकावर घसरलेला. पहिला अर्ज माझा. मी सगळं सांगितलं. चाळीस सेकंद, अठ्ठावीस सेकंद, हातमोज्यावरचं गरम रक्त. म्हटलं, "बाई, चाकूला काही झालं नव्हतं. मला दुखलंसुद्धा नाही. बोथट चाकूनं कापलं तर जीव जातो, ते काय मला माहीत नाही?"

कंपनीच्या वकिलानं फाइलमधून एक पिवळा पडलेला कागद काढून बाईंपुढे ठेवला. बाईंनी मोठ्यांदा वाचला. "बासष्ट नंबरचा चाकू माझ्या हयगयीमुळे बोथट राहिला होता, अपघात त्यामुळेच झाला, साखळीच्या वेगाबद्दल माझी तक्रार नाही." खाली आमच्या यांचं नाव.

मी उभी राहिले. "खोटं आहे! सही खोटी आहे! माझा नवरा मरेल पण असलं लिहून देणार नाही! विचारा त्यांना!" मागे आठबोट्याही ओरडला, "बनावट! बनावट!"

बाईंनी यांना पुढे बोलावलं. "ही सही तुमची?"

हे उभे राहिले. हातात टोपी होती, ती चुरगळत होते. "हो," म्हणाले. "माझी आहे."

पंखा खडखडत होता.

"मग चाकू बोथट होता?"

"नाही. चाकूला धार होती."

मग त्यांनी सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना दुसऱ्यांदा ऐकत होते. त्या मंगळवारी सुपरवायझरनं माझ्या हातून पडलेला चाकू उचलून ट्रेमध्ये टाकला. ट्रे नेहमीसारखा धारखोलीत गेला. आत येणाऱ्या सगळ्याच चाकूंना रक्त असतं. यांनी धुतला, बासष्ट नंबर बघितला, आणि सवयीनं दोन हात जास्त मारले. पट्टी कापून बघितली, खुंटीवर लावला. त्यानंतर पाच मिनिटांनी कुणीतरी पळत सांगायला आलं, की तुझी बायको पडली. माझंच रक्त त्यांनी त्या टबात धुतलं होतं.

"शुक्रवारी मॅनेजरनं चाकू मागवला," हे बाईंना सांगत होते. "म्हणाला, हा तर आत्ता धार लावलेला आहे. आधी कसा होता कोण सांगणार? तू पुरावा पुसलास. आता दोनच गोष्टी लिहिता येतात. बायकोची हयगय लिहिली तर ती उद्यापासून घरी, दवाखान्याचं बिलही तुझं. धारेची हयगय लिहिली तर बिल आम्ही भरू, तिला बसायचं काम देऊ. मी म्हटलं, आणि साखळी? तो म्हणाला, साखळीचा रकाना या फॉर्मवर नाही." त्यांनी माझ्याकडे हात केला. "हिच्या हाताचं दुसरं ऑपरेशन व्हायचं होतं. मी सही केली."

"मग इतकी वर्षं काही बोलला नाहीत?"

"नाही. मांस सोडलं."

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि लिहून घेतलं. वकील नुसता बसला होता, त्याला काही बोलायची गरजच राहिली नव्हती.

बाहेर जिन्यावर आठबोट्या यांच्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, मारतो आता. त्यानं मारलं नाही. हात वर करून यांच्या डोळ्यांपुढे धरला, तीन बोटांचा. "त्या सभेत मी कचेरीत जायचं म्हणत होतो," तो म्हणाला. "तू उठून आम्हाला पालेभाजी खायला लावलीस. म्हणजे हा कागद बाहेर येऊ नये म्हणून?" हे त्याच्या बोटांकडे बघत होते. "गाजरा, रोज मटण खाल्लं असतंस तरी चाललं असतं रे मला. एकदा तोंड उघडायला हवं होतंस." आणि तो खाली उतरून गेला. त्यानंतर तो आमच्याकडे आलेला नाही.

दोन महिन्यांनी निकालाचं पत्र आलं. धार लावणाऱ्यानं दोन परस्परविरोधी जबाब दिले आहेत, अपघाताच्या वेळचा जबाब अधिक विश्वासार्ह मानावा लागतो. चौदाही दावे नामंजूर.

मला राग आला होता. अजून आहे. सुनावणीनंतर नऊ दिवस मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. कपड्यांच्या घड्या घालताना सुद्धा त्यांच्या शर्टावर राग काढायची. सही केली म्हणून राग, सांगितलं नाही म्हणून राग, आणि मला सगळ्या वस्तीत त्या धारेची फुशारकी मारू दिली, याचा सगळ्यात जास्त. पण पॅकिंगच्या त्या खुर्चीत मी अठरा वर्षं बसले. मुलगी त्याच पगारावर शिकली. त्या शुक्रवारी त्यांनी मला विचारलं असतं, करू का सही, तर मी काय म्हटलं असतं? खूप विचार केला. मला सांगता येत नाही.

दहाव्या दिवशी मीच बोलले. मांस शिजवलं होतं, त्यांचं पान वाढताना म्हटलं, "आता खा की. साखळीच राहिली नाही. सुटली तुमची शपथ."

त्यांनी पानाकडे बघितलं. "जमत नाही," म्हणाले.

"आता कशासाठी?"

"तेच सांगता येत नाही. आधी येत होतं." आणि त्यांनी डाळीची वाटी पुढे ओढली. मी त्यांच्याजवळ बसले आणि दोघांनीही डाळच खाल्ली. मांस तसंच पडून राहिलं, दुसऱ्या दिवशी टाकून दिलं.

आणि एक झालं. त्या सुनावणीनंतर यांनी चाकूला हात लावलेला नाही. पूर्वी आमच्या घरातले चाकू म्हणजे, शेजारणी उसने न्यायच्या, विळ्या-कात्र्या घेऊन पोरं दारात उभी असायची. आता कुणी येत नाही. मागच्या पडवीत त्यांचं छोटं चाक आहे, त्यावर मी कपड्यांच्या चिमट्यांचा डबा ठेवते. घरातल्या चाकूंची धार हळूहळू गेली. मी त्यांना सांगत नाही, जोर लावून चिरते. या हातानं जोर लागत नाही, पण चिरते.

परवा टोमॅटो चिरत होते. चाकू सालीवरून घसरला आणि बोटावर बसला. डाव्या हाताच्याच, चांगल्या बोटावर. काय सांगू तुम्हाला, काय कळ गेली! लगेच. डोक्यापर्यंत. तोंडातून आवाज निघाला तो मी पदर कोंबून थांबवला. वेडीवाकडी, फाटल्यासारखी जखम. मी नळाखाली बोट धरून उभी राहिले आणि एकदम रडूच कोसळलं, कारण माझं खरं होतं. तेव्हा मला दुखलं नव्हतं.

आतून हे म्हणाले, "काय झालं गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "डब्याचं झाकण लागलं."